बंपर फुटला? आधी मागे काय वाकलंय ते बघा

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की आपल्या भागात मोटारीचे तोंड फुटायचाही हंगाम सुरू होतो. अंधारात दिवा नसलेली ट्रॉली, मध्येच आडवे आलेले जनावर, पांढरे पट्टे उडालेला गतिरोधक, नाहीतर गुरुवारी अक्कलकोटात देवळाभोवतीच्या गर्दीत गाडी लावताना मागच्याने दिलेला हलकासा धक्का. कारण कोणतेही असो, पहिला मार खातो तो बंपर. त्यासाठीच तो लावलेला असतो म्हणा. पण दारात उभ्या गाडीचा लोंबणारा, तडकलेला बंपर बघून मालकाचा जीव खालीवर होतो, आणि शोरूमचा आकडा ऐकला की आणखी होतो.

मग दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर फेविक्विकच्या चार नळ्या आणून चिकटवाचिकटवी सुरू होते. नाहीतर मालक सरळ ट्रॉलीचे वेल्डिंग करणाऱ्याकडे जातो आणि म्हणतो, "मिस्त्री, हे प्लास्टिकचं खेळणं नको. पुढं चांगला लोखंडी गार्ड ठोका." पहिल्यात पैसे वाया जातात, दुसऱ्यात जीव जाऊ शकतो. खरे तर बऱ्याचशा फुटक्या बंपरचे काम घरच्या अंगणात, दोन माणसांत, एका दिवसात होण्यासारखे असते. फक्त कोणते काम घरचे आणि कोणते नाही, हे आधी ओळखता आले पाहिजे.

तुमच्यापैकी वयाने थोर असलेल्यांना ॲम्बॅसिडर आणि फियाटचे चकाकणारे पोलादी बंपर आठवत असतील. फियाट म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये काढली ती वालचंद हिराचंद यांनी, आणि त्यांचा जन्म १८८२ चा, आपल्या सोलापूरचा. त्या काळच्या बंपरला पोचा पडला, की मिस्त्री तो उतरवायचा, ऐरणीवर ठोकून सरळ करायचा, फार तर वरचा मुलामा पुन्हा चढवून आणायचा. पुढे मारुतीचे युग आले आणि पोलादाच्या जागी हळूहळू प्लास्टिक आले. "आताच्या गाड्यांत दमच नाही," असे पारावर बसून म्हणायला ठीक आहे, पण ते अर्धेच खरे आहे. बाहेरून दिसतो तो बंपर म्हणजे नुसते कातडे. खरा मार घेणारा भाग त्याच्या आत असतो.

आत काय असते? कातड्याच्या मागे बऱ्याच गाड्यांत थर्माकोलसारखा दिसणारा, पण त्याहून चिवट असा फोमचा ठोकळा असतो. त्याच्या मागे पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा आडवा बीम. तो बीम दोन्ही टोकांना डब्यासारख्या दोन तुकड्यांवर बसवलेला असतो, आणि ते डबे चासीच्या पुढच्या दांड्यांना बोल्टाने जोडलेले असतात. धडक बसली की हे डबे मुद्दाम चेपतात. भाताच्या पेंढ्यावर पडलेल्या माणसाला फरशीवर पडलेल्यापेक्षा कमी लागते ना, तसेच हे. धक्क्याचा जोर चेपण्यात खर्च होतो आणि आत बसलेल्या माणसापर्यंत कमी पोहोचतो.

म्हणून पहिला नियम हा, की बंपर फुटला तर आधी कातडे बघू नका, मागे काय वाकले आहे ते बघा. बॉनेट उघडा. बॉनेट आणि दोन्ही मडगार्ड यांच्यामधली फट डावी-उजवी सारखी आहे का, ते बोटाने बघा. बॉनेट पूर्वीसारखे एका दाबात बसते का? दिवे एकाच उंचीवर आहेत का? गाडीखाली हिरवा, लाल किंवा निळसर रंगाचा थेंब पडतोय का? तो कुलंट असतो. पडत असेल तर रेडिएटर गेला असे समजा आणि इंजिन सुरू करू नका. मोबाईलचा दिवा लावून खालच्या जाळीतून आत पाहिले तर बीम वाकला आहे की नाही हे बहुतेक दिसते.

ट्रॉलीला मागून धडकलेल्या गाडीच्या बाबतीत तर जास्तच डोळे उघडे ठेवा. ट्रॉलीचा सांगाडा मोटारीच्या बंपरपेक्षा उंच असतो. गाडीचे नाक खाली शिरते, बंपर जवळजवळ शाबूत राहतो आणि बॉनेट, रेडिएटर, वरची पट्टी यांचा चेंदामेंदा होतो. "बंपरला काही झालं नाही, वाचलो," असे म्हणणारा मालक चार दिवसांनी इंजिन तापवून बसतो.

बीम वाकला असेल, डबे चेपले असतील, एअरबॅग उघडली असेल किंवा दिवा लागला असेल, तर घरच्या दुरुस्तीचा विचार सोडा. वाकलेला बीम तापवून, ठोकून सरळ करणारे मिस्त्री आहेत आणि त्यांच्या हातात कसबही आहे. पण एकदा चेपलेला डबा ठोकून सरळ केला तरी पुढच्या वेळी तो ठरल्याप्रमाणे चेपेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. तो बदलायचाच. नुसते कातडे फुटले असेल, कान तुटला असेल, पोचा पडला असेल, तर मात्र बाह्या सरसावा.

विम्याचा हिशेब आधी, पाना नंतर

दाव्याचा विचार असेल तर एकही स्क्रू खोलू नका. विमा कंपनीला कळवायचे, त्यांच्या माणसाला किंवा ॲपवरच्या फोटोला गाडी जशी आहे तशी दाखवायची, मग दुरुस्ती.

पण दावा करायचाच का? इथे बरेच जण फसतात. साध्या पॅकेज पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा सामानाचा धरून त्याच्यावरही निम्मी कपात होते. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला पहिले १००० रुपये तुमच्याच खिशातून जातात, त्यावरच्या गाडीला २०००. समजा, बंपर ४००० चा, रंग ३००० चा आणि मजुरी १०००, असे ८००० चे बिल झाले. बंपरचे २००० मिळतील, रंगाचे २६२५, मजुरीचे १०००. बेरीज ५६२५. त्यातून १००० वजा, हातात ४६२५.

आता दुसरी बाजू. दावा न करणाऱ्याला विमा हप्त्यात सूट मिळते, ती वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी चढते. एक दावा केला की पुन्हा शून्य. समजा तुमच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा सूट न धरता हप्ता ६००० आहे आणि तुम्ही सध्या ३५ टक्क्यांवर आहात. दावा न करता पुढच्या वर्षी ४५ आणि नंतर दरवर्षी ५० टक्के मिळाले असते. दावा केल्यावर शून्य, २०, २५, ३५, ४५ असे पुन्हा चढत जाल. पाच वर्षांतला फरक ७२०० रुपये. गाडीची किंमत उतरत जाते तसा हप्ताही उतरतो, म्हणून थोडे कमी धरा. तरी ४६२५ साठी त्याहून जास्त घालवले, एवढे खरे. झिरो डेप पॉलिसी असेल किंवा सूट वाचवणारे जादा कलम घेतले असेल तर गणित बदलते. कागद काढा आणि वाचा. एजंटाच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका.

एक गोष्ट मात्र गणिताच्या बाहेरची आहे. धडकेत माणसाला लागले असेल तर घरी आणून गुपचूप बंपर बदलणे हा गुन्ह्याचा रस्ता आहे. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाप्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना लवकरात लवकर, कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. पंचनामा होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही.

उतरवायचा कसा

सामान फार लागत नाही. आठचा आणि दहाचा पाना, चौफुलीचा आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, एक जुनी सोलापुरी चादर आणि मदतीला एक माणूस. चादर अशासाठी, की उतरवलेला बंपर फरशीवर टेकला की वाचलेला रंगही जातो. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो काढून ठेवा. कोणता स्क्रू कुठला, हे संध्याकाळी आठवत नाही.

आधी बॅटरीची वजा तार सुटी करून थोडा वेळ थांबा, कारण एअरबॅगचे संवेदक बऱ्याच गाड्यांत पुढेच असतात. बॉनेट उघडून वरच्या कडेचे प्लास्टिकचे चाप काढा. चपाची मधली टिकली आधी उचलायची, मग सगळा चाप. ओढाताण केली तर तो मोडतो, पण दहा-वीस रुपयांच्या चापासाठी जीव टाकू नका, मोडतातच ते. मग स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे चाकाच्या कमानीत हात जातो. तिथे एक-दोन स्क्रू दडलेले असतात, आणि न निघणारा बंपर बहुतेक वेळा तिथेच अडकलेला असतो. खालच्या कडेचे स्क्रू काढायला गाडी जॅकवर चढवून खाली शिरायची गरज नसते. दगडाच्या टेक्यावर उभ्या गाडीखाली तर कधीच शिरू नका.

सगळे स्क्रू निघाले की दोन्ही टोकांना एकेकाने धरायचे आणि कडा बाजूला, बाहेरच्या अंगाला ओढायच्या. खट्‍कन आवाज होऊन कडा सुटते. लगेच पुढे ओढू नका. धुक्याच्या दिव्यांच्या तारा आत जोडलेल्या असतात, त्या आधी सोडवा. मागच्या बंपरला पार्किंगचे सेन्सर असतील तर त्यांच्याही. जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलना ते सक्तीचे झाले, त्यामुळे आता साध्या गाडीतही असतात.

चिकटत का नाही?

आता मूळ दुखण्याकडे येऊ. बंपरच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत खूण कोरलेली असते. बहुतेक ठिकाणी तीत 'पीपी' ही इंग्रजी अक्षरे सापडतील. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. तुमच्या घरात ते ढिगाने आहे, कारण खताची विणलेली पांढरी पोती याच कुळातली. बंपरमध्ये त्यात रबरासारखा पदार्थ मिसळलेला असतो, म्हणून तो वाकतो पण काचेसारखा फुटत नाही.

या प्लास्टिकला कोणताही साधा गोंद धरत नाही. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पीव्हीसीच्या पाइपाला सोल्युशन लावले की सांधा पक्का होतो, पण ठिबकच्या नळीला ते लावून बघितलेय का कुणी? ती नळी पॉलिथिलीनची. ती गोंदाला दाद देत नाही, म्हणून तर तिथे जॉइनर घालतात. बंपरही ठिबकच्या नळीच्या बाजूचा आहे. त्यावर फेविक्विक वाळते, एम-सील दगडासारखे होते, आणि पहिल्याच गतिरोधकाला खपली निघावी तसे निघून येते. (पुढची जाळी मात्र बहुधा एबीएसची असते. ती फुटली तर गोंदाने जमते.)

त्यामुळे बंपर वितळवूनच जोडायचा. इथे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडची साधी सोल्डरिंग आयर्न चालते, मात्र ६० वॉटच्या खालची नको. आधी चिरेच्या टोकाला तीन मिलिमीटरचे बारीक भोक पाडा, म्हणजे चीर पुढे पळत नाही. मग दोन्ही कडा जुळवून समोरून चिकटपट्टी मारा. मागच्या बाजूने चिरेवर खिडकीच्या मच्छरजाळीची, पण लोखंडी किंवा स्टीलच्या तारेची, दोन बोटे रुंद पट्टी ठेवून ती तापल्या टोकाने प्लास्टिकमध्ये बुडवत जा. जाळी दिसेनाशी झाली पाहिजे. भिंतीत सळई टाकतो तोच हा प्रकार. वरून त्याच जातीच्या प्लास्टिकची पातळ पट्टी वितळवून घाला. भंगारवाल्याकडून फुटक्या बंपरचा तुकडा आणला की झाले, फक्त खूण तीच बघून घ्या. मागची बाजू थंड झाली की समोर चिरेवर कोयरीच्या बोटीसारखी उतरती खाच करा आणि तीही तशीच भरा.

धूर निघाला म्हणजे प्लास्टिक जळते आहे. थांबा, टोक थंड होऊ द्या. काम उघड्यावर करा, पोरांना जवळ बसवू नका.

तुटलेल्या कानाचेही असेच. जाळी वाकवून कानाचा आकार करायचा, वर प्लास्टिक चढवायचे, मग भोक पाडायचे. दिसायला ओबडधोबड होतो, पण आत असतो, कोण बघतो!

नुसता पोचा असेल तर इतकेही नको. पाणी खळखळ उकळवा. बंबातले अंघोळीचे गरम पाणी पुरत नाही. पोच्यावर सावकाश दोन-तीन तांबे ओता आणि हातमोजा घालून मागून दाबा. हात पोहोचत नसेल तर लाटण्याला फडके गुंडाळून दाबा. टप्‌ आवाज होऊन पोचा बाहेर येतो. लगेच वरून गार पाण्याचे फडके ठेवा, म्हणजे आकार धरतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी हे काम आणखी सोपे होते. घडी पडली असेल तर तिची रेघ मात्र थोडी राहतेच. गॅसच्या शेगडीची किंवा गवंड्याच्या स्टोव्हची ज्योत दाखवू नका. रंग तर जातोच, बंपरही मेणासारखा ओघळतो.

वाटेतच बंपर लोंबायला लागला तर चिरेच्या दोन्ही बाजूंना भोके पाडून प्लास्टिकच्या टायने टाके घाला, काहीच नसेल तर सुतळीने वर बांधा. घासत नेऊ नका. तो चाकाखाली गेला की चालत्या गाडीचे स्टिअरिंग हातात राहत नाही.

बदलायचा असेल तर

कातड्याचे तुकडेच झाले असतील, दिव्याखालचा भाग गळून पडला असेल, तर नवा घ्या. बाजारात तीन प्रकार मिळतात. कंपनीचा महाग, पण भोकाला भोक जुळते. लोकल स्वस्त, पण कडेला फट राहते, आणि मग ती फट बघत वर्षे काढावी लागतात. तिसरा भंगारातला. त्यात आपल्याच रंगाचा मिळाला तर रंगाचा सगळा खर्च वाचतो, आणि पांढऱ्या-चंदेरी गाड्यांच्या बाबतीत तो सोलापुरात शोधल्यास मिळण्याची शक्यता बरी असते. माझे मत विचाराल तर जुन्या गाडीला लोकलपेक्षा भंगारातला, पण कंपनीचा बंपर बरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, पूर्वी बऱ्याच भागांवर २८ टक्के होता. दुकानदार जुनाच भाव सांगत असेल तर पक्के बिल मागा.

नवा बंपर रंगवण्याआधी गाडीला लावून बघायचा, हे पक्के लक्षात ठेवा. रंगवलेला दुकानदार परत घेत नाही. कोऱ्या प्लास्टिकवर थेट रंग मारला तर सहा महिन्यांत पापुद्रे सुटतात. आधी प्लास्टिकसाठीचा वेगळा प्रायमर लागतो. भेगा बुजवायला पत्र्याची पुट्टी नको, प्लास्टिकसाठीची लवचीक पुट्टी घ्या. ३२० च्या वॉटर पेपरने सुरुवात करून ६००, ८०० असे बारीक होत जा. रंगाचा क्रमांक गाडीवरच्या पट्टीवर असतो. तो घेऊन गेलात तर दुकानदार रंग मिसळून देतो. तरीही उन्हाने उतरलेल्या जुन्या रंगाशेजारी नवा रंग थोडा उठून दिसणारच. सेन्सरच्या तोंडावर पुट्टी किंवा रंगाचे थर चढवू नका. ज्या नव्या गाड्यांत बंपरमागे रडार असते, त्यांच्या बाबतीत तर घरी काहीच करू नका.

नंबर प्लेटचेही बघा. एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी असते आणि तिचे कुलूप एकदाच लागते. बंपर बदलताना ते तोडावे लागले तर पाटी पुन्हा अधिकृत ठिकाणीच बसवून घ्यावी लागते. तारेने बांधलेली पाटी नाक्यावर चालत नाही.

आता त्या लोखंडी गार्डबद्दल. "कुत्रं-डुक्कर आडवं आलं तर गाडी वाचते," हे त्यामागचे कारण, आणि ते खोटे नाही. पण गाडी वाचते ती कोणाच्या जिवावर? गार्ड चासीला थेट जोडलेला असतो. मोठ्या धडकेत चेपायचे डबे बाजूला राहतात आणि सगळा हिसका आत येतो. एअरबॅग कधी उघडायची हे गाडीचे नाक किती वेगाने चेपते त्यावर ठरवलेले असते, तेही गणित बिघडू शकते. आणि समोर माणूस असेल तर? बाजाराहून चालत निघालेली म्हातारी, शाळेतून सायकलवर येणारे पोर. प्लास्टिकचा बंपर दबतो, लोखंडी पाइप दबत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा भंग करतात असे सांगून राज्यांना कारवाई करायला कळवले. तरीही आपल्या रस्त्यांवर ते दिसतातच. फुटलेल्या बंपरच्या जागी गार्ड लावणारा मालक चार हजार वाचवतो आणि आपल्याच गावच्या माणसाचा जीव पणाला लावतो, हे कुणीतरी त्याला तोंडावर सांगायला हवे.

सगळे बसवून झाले की बॅटरीची तार जोडा, दिवे, इंडिकेटर आणि धुक्याचे दिवे लावून बघा. रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही दिव्यांचा झोत सारख्या उंचीवर पडतो का ते पाहा. सोलापूरला एक फेरी मारून या, जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर होतात. घरी आल्यावर सगळे स्क्रू एकदा पुन्हा आवळा. आणि उतरवलेला फुटका बंपर लगेच भंगारात घालू नका. त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून गोठ्याच्या माळ्यावर ठेवा. पुढच्या वेळी चीर भरायला त्याच लागतील.